पाच खड्ड्यांची ओळ

सणसर,
२८ ऑगस्ट २०२५

सौ. अक्का,

नमस्कार. आम्ही इकडं बरे आहोत. तुम्हीही बरे असणार, कारण काही बिघडलं असतं तर तू निदान भांडायला तरी फोन केला असतास.

हे पत्र तुझ्या सुनेच्या हाती देतोय. प्रतिक्षा रोज कऱ्हाटीहून बारामतीला कॉलेजच्या लायब्ररीत येते आणि मी दर मंगळवारी कंबर दाखवायला बारामतीला जातो, तेव्हा आमची गाठ पडते. फोनवर तुझ्याशी बोलायचं मी सोडून दिलंय. तू 'बोल' म्हणतेस आणि मी बोलायला लागलो की ठेवून देतेस. पत्र फार तर फाडशील, पण फाडायच्या आधी वाचशील, एवढं मी तुला ओळखतो.

विषय बागेचाच आहे. उठू नकोस.

अक्का, आपल्या दोन एकरांत एकशे सदतीस झाडं आहेत. तेहतीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं, त्यामुळं अंदाजपंचे सांगत नाही, दोनदा मोजलीत. आबांना सरळ रेघेचं वावडं होतं. पाहुण्यानं सीताफळ खाऊन जिथं बी टाकली तिथं ते आळं करायचे आणि आई त्यात पाणी घालायची. दोघांनी हौस केली आणि गेले. निस्तरायला मी. नारळाच्या बुडात डाळिंब, डाळिंबाच्या डोक्यावर जांभूळ आणि जांभळाखाली मी, पाटी घेऊन सडलेली जांभळं गोळा करत बसलेला. चिकू तीस फूट वर गेलेत. शेंड्याचे चिकू वटवाघळं खातात, मधल्यांना फळं उतरवायचा झेला पोचत नाही, आणि खालचे पिकून पडतात ते माशांसाठी. तुला वाटतं, झाड एकदा लावलं की आपोआप उभं राहतं. राहतं की. वाकावं आपल्याला लागतं.

आणि वाकणार कोण? आमच्या सौभाग्यवती राजनंदिनीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. ती स्वयंपाकघरातून ओट्यापर्यंत येते आणि तिथून मला सूचना देते. माझ्या कमरेचं तुला ठाऊक आहे. भामाबाई अजून रोज कामाला येते, पण तिचं वय तिलाच माहीत नाही. आई लग्न होऊन आली तेव्हा मी परकर नेसत होते म्हणते, म्हणजे पंचाहत्तरीला टेकली असणार. गावातली धडधाकट माणसं एमआयडीसीत जातात. हरळी आणि गाजरगवत उपटायला आता कुणी येत नाही, आणि का यावं?

त्यात आमचे चिरंजीव. राजवर्धननं गेल्या उन्हाळ्यात सगळ्या बागेला ठिबक बसवून दिलं. मोबाइलवर चालणारं. तो पुण्यात ऑफिसात बसून बटण दाबतो आणि इथं पाणी सुटतं. फार कौतुक झालं. पण नारळाला जेवढं पाणी तेवढंच सीताफळालाही. सीताफळाला आधी ताण द्यावा लागतो, पाणी तोडावं लागतं, तेव्हा कुठं ते फुलावर येतं, हे आबांच्या बैलालासुद्धा कळत होतं. यंदा सीताफळाला पानं अशी आलीत की बकरी खूश होईल. फळ एक नाही. मी तसं सांगितलं तर म्हणतो, "पप्पा, मग एक जेसीबी आणि दोन दिवस. सगळं काढू आणि ऊस लावू. तुमचा त्रास संपला." राजनंदिनी त्यावर काही बोलत नाही. ती बोलत नाही म्हणजे तिला पटलंय.

मी त्याच्याकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली आहे. दिवाळीपर्यंत बाग आम्हा दोघा म्हाताऱ्यांच्या हातात मावेल एवढी झाली नाही, तर ऊस. शब्द देऊन बसलोय.

माझा विचार असा. सत्तर झाडं ठेवायची. चिकूची डोकी उतरवायची, म्हणजे फळ जमिनीवरून हाताला लागेल. उसाचं पाचट आपल्याकडं ढिगानं पडतं. ते जाळण्यापेक्षा झाडाखाली हातभर जाड अंथरायचं, गवत आपोआप मरतं आणि ओल टिकते. जास्त पाण्याची झाडं एका नळीवर, कमी पाण्याची दुसऱ्या. मधून मशीन जाईल एवढी वाट. झालं. यात कुणाच्या पोटात दुखायचं काही नाही.

पण सातबाऱ्यावर तुझंही नाव आहे, आणि नाव नसतं तरी तुला विचारल्याशिवाय मी कुऱ्हाड लावणार नव्हतो. गेल्या भाऊबीजेला तू भरलेलं ताट तसंच ठेवून उठलीस आणि गेलीस. बागेवरून एवढं रागवायचं कारण नव्हतं. तुमची कऱ्हाटी कोरडी, तिथं बाभळीची सावली म्हणजे चैन, म्हणून माहेरच्या झाडात तुझा जीव आहे, हे मला कळतं. पण तू वर्षातून चार दिवस येतेस आणि झाडाला मिठी मारून जातेस. उरलेले तीनशे एकसष्ट दिवस ती झाडं माझ्या उरावर असतात.

कुठली काढायची ते तू सांग. यादी कर.

आईचा आंबा ठीक आहे.

तुझा,
विजू

ता. क. येशील तेव्हा आईचं खुरपं घेऊन ये. बाभळीच्या मुठीचं, तिच्या डाव्या हातानं झिजलेलं. उजव्या हाताच्या माणसाला ते धरताही येत नाही, तुला त्याचा काय उपयोग? मी त्याबद्दल आता काही बोलत नाही.

*

सणसर,
२१ सप्टेंबर २०२५

अक्का,

तुझी यादी मिळाली. कॅलेंडरच्या पानामागं का होईना, लिहिलीस, बरं वाटलं. पण सुरुवातीला 'विजयसिंह यांस' असं लिहायची गरज नव्हती. मी काही ग्रामसेवक नाही.

एकशे सदतीसमधून तू तेवीस झाडं काढायला परवानगी दिलीस. उरतात एकशे चौदा. अक्का, मी सत्तर म्हणालो होतो. तुझी वजाबाकी शाळेपासून अशीच. घ्यायचं असतं तेव्हा बरोबर येते आणि सोडायचं असतं तेव्हा चुकते.

पण गंमत तुझ्या पहिल्याच नावाची. 'पाच खड्ड्यांच्या ओळीतलं टोकाचं लिंबू', आणि त्याखाली दोन रेघा. का, तर गेल्या वर्षी त्याचा काटा तुझ्या भुवईला लागला. डोळा थोडक्यात वाचला हे खरं. पण तो काटा लागला तेव्हा तू काय करत होतीस? तिसरी पिशवी भरत होतीस! दर खेपेला त्याच लिंबाची पोतंभर फळं नेतेस, त्याचंच लोणचं घालतेस, त्यातलीच एक बरणी मला पाठवतेस, आणि वर पहिली कुऱ्हाड त्याच्यावर. ठीक आहे. मलाही ते झाड काही लाडकं नाही. भामाबाईखेरीज त्याच्याजवळ कुणी जात नाही. राजवर्धनच्या ठिबकची नळीसुद्धा त्याच्यापर्यंत पोचली नाही. तेव्हा लिंबू जाणार, हे आपल्या दोघांचं वर्षभरातलं पहिलं एकमत.

यादीच्या शेवटी तू लिहिलंस, 'आईच्या आंब्याला हात लावायचा नाही. त्याला पालवी आली का कळव.' त्याच्याकडं येतो.

पाचटाचं काम निम्मं झालं. भामाबाई आणि मी मिळून चिकूखाली अंथरलं. पहिल्या आठवड्यात राजनंदिनी ओरडत होती, साप येतील म्हणून. आले नाहीत. कोंबड्या आल्या आणि सगळं पाचट उकरून वाटेवर पसरून गेल्या. पुन्हा अंथरलं. पुन्हा उकरलं. शेवटी शेजाऱ्याला सांगून कोंबड्या डालून ठेवायला लावल्या, आता तो माझ्याशी बोलत नाही. या बागेपायी माझ्याशी न बोलणाऱ्यांची संख्या वाढत चालली आहे. पण खाली गवत नाही, हे मात्र खरं. सहा झाडांखाली पंधरा दिवस खुरपं लावावं लागलं नाही.

मशीनच्या वाटेचं अडलंय. वाट सरळ काढली तर ती आईच्या आंब्याच्या कट्ट्यावर जाते. तू झाड लावल्यावर तिसऱ्या वर्षी गवंडी आणून तो कट्टा बांधून घेतलास, शहाबादी फरशी लावून, खोडाला अगदी चिकटून. मी तेव्हाच म्हणालो होतो, झाडाला श्वास घ्यायला हातभर माती मोकळी ठेव. तू म्हणालीस, आईला चिखलात बसवू का? मी गप्प बसलो. तेव्हा गप्प बसायला नको होतं.

बरं, येतो. आंब्याकडंच येतो.

अक्का, आंबा गेला.

मागच्या पत्रात ठीक आहे म्हणून लिहिलं तेव्हाच त्याची निम्मी पानं तांबडी झाली होती. खोडकिडा लागला होता. भोकातून भुसा पडतो तो खाली दिसतो, पण इथं तो कट्ट्याच्या फटीत पडत राहिला आणि मला जूनमध्ये कळलं. औषध सोडलं, तार घालून किडा काढला, बोळे भरले. उपयोग झाला नाही. आता एक हिरवं पान नाही, आणि फांदी वाकवली की काडकन मोडते. कट्टा तू बांधलास म्हणून आंबा गेला असं मी म्हणत नाही. मनात आलं होतं, पण रोज त्याच्यावरून जात असताना खाली वाकून मी बघितलं नाही, तेव्हा ते मी मागं घेतो.

तू आता रडत असशील. थांब. पुढचं वाच, मग रड किंवा मला शिव्या दे.

सात वर्षांपूर्वी, जूनमध्ये, आई गेली. सावडायच्या दिवशी आपण राख नदीत न सोडता आपल्या रीतीप्रमाणं शेतात खड्ड्यात ठेवली, वर झाड लावायचं म्हणून. त्या उन्हाळ्यात मी नवीन झाडांसाठी पाच खड्डे खणून तापत ठेवले होते, एका ओळीत, एका मापाचे. माझ्या आयुष्यातली या बागेतली एकमेव सरळ ओळ. त्यातल्या एका खड्ड्यात राख ठेवली. माणसं होती, रडारड होती, मी ठेवली आणि मागं वळलो. तू तेराव्याला केशर आंब्याचं रोप आणणार होतीस. मधल्या दिवसांत माझ्याच जुन्या सांगण्यावरून पाचही खड्डे शेणखत टाकून भरून घेतले गेले. तेराव्याला ऐंशी पाहुणे गोल करून उभे, तू रोप हातात धरलेली, आणि तू मला विचारलंस, "विजू, कुठला?"

अक्का, मला माहीत नव्हतं. पाच सारखे चौकोन होते. आबांच्या मागं मी घरातला कर्ता, वर गणिताचा मास्तर, आणि सगळे माझ्याकडं बघत होते. आईला कुठं ठेवली ते मला आठवत नाही, असं कसं म्हणणार? मी बोट दाखवलं. "हा." अगदी ठामपणे.

तेव्हापासून तू त्या आंब्याला मिठी मारतेस, त्याच्याशी बोलतेस, पहिलं दूध त्याला घालतेस, आणि मी लांब उभा राहून बघतो. पाचांत एक. आंब्याखाली आई असण्याची शक्यता पाचांत एक, एवढंच मला माहीत आहे. दरवर्षी वाटायचं, सांगावं. दरवर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी.

आता तू म्हणशील, आंबा मेला आणि याला बरोबर आत्ताच हे सुचलं. म्हणशीलच. सात वर्षं खोटं बोललो तेव्हा तू डोळे मिटून विश्वास ठेवलास, आणि आता खरं सांगतोय तर त्याला बनावाचा वास येतोय. यावर मी काय करू, तूच सांग. डोकं फुटायची वेळ आलीय.

सोबत माझी यादी जोडली आहे, सत्तर ठेवून काढायच्या सदुसष्ट झाडांची. बघ आणि प्रतिक्षाजवळ हो किंवा नाही एवढंच सांग. झाडं कापायला भिमाला दहा तारखेचं बोलावलंय.

विजू

*

सणसर,
१२ ऑक्टोबर २०२५

अक्का,

प्रतिक्षाकडून तुझा निरोप मिळाला. ती बिचारी सांगताना खाली बघत होती. "मामा, आई म्हणाल्या, 'आंबा वाळला आणि राख लगेच दुसऱ्या खड्ड्यात गेली काय? सगळंच काप म्हणावं. तुझ्या यादीनं काप नाहीतर माझ्या, मला काही विचारू नकोस.'" मी अगदी हेच शब्द येतील म्हणून लिहिलं होतं, आणि तरी ते ऐकून मी लायब्ररीच्या पायरीवर अर्धा तास बसून राहिलो. कमरेच्या डॉक्टरकडं गेलोच नाही.

परवा, शुक्रवारी, भिमा मशीनची करवत घेऊन आला. तुला आठवत नसेल, आठवीत माझ्या हातचा मार खाल्लेला भिमा. आता त्याच्या हाताखाली चार माणसं आहेत आणि तरी मला बघून करवत पाठीमागं लपवतो. "सर, पयलं कुठलं?" म्हणाला. मी यादी बघितली. तुझ्याही यादीत पहिलं तेच होतं आणि माझ्याही. म्हणालो, टोकाचं लिंबू.

करवतीचा आवाज झाला तशी चिकूखालून भामाबाई आली. पाटी ठेवली, पदर खोचला आणि जाऊन त्या लिंबाखाली बसली. बसली म्हणजे खोडाला पाठ लावून, फतकल मारून. पदर काट्यात अडकून टराटरा फाटला, तरी हलली नाही.

"भामाबाई, ऊठ. काटे लागतील."

"लागू द्या. म्या न्हाय उठत."

"अगं, अक्कानंच सांगितलंय हे काढायला."

"अक्कास्नी काय ठावं? आन गुरुजी, तुमास्नी तरी काय ठावं? मोठ्या बाई हितं हायती."

भिमानं करवत बंद केली. मी विचारलं, कशावरून म्हणतेस? तिनं माझ्याकडं असं बघितलं की आठवीच्या वर्गात मी पोरांकडंही कधी बघितलं नसेल.

"सावडायच्या दिशी राख तुमी ह्याच टोकाच्या खड्ड्यात ठिवली. म्या मागं हुबी व्हते. मानसं हलली, मंग म्या घरात गेले आन बाईंचं खुरपं आनून राखंवर ठिवलं. बाईंना रिकाम्या हातानं कदी बगितलं व्हतं का तुमी? आन त्याच्यावर शेनखत म्याच वडलं."

"मग मी दुसरीकडं बोट दाखवलं तेव्हा बोलली का नाहीस?"

"ऐंशी मानसांत? तुमी घरचं कर्तं. तुमी म्हनला ह्यो, मंग ह्योच. अक्का रोप घिऊन रडत व्हत्या. म्या म्हनलं, ऱ्हाऊ द्या आंबा तितं. बाईंनीच दुधाच्या पिशवीत लिंबाचं रोप केल्यालं व्हतं, ते म्या हितं लावलं. रोज बादलीभर पानी घालते. तुमची नळी न्हाय पोचत हितं."

"सात वर्षं गप्प राहिलीस?"

"कुनी इचारलं?"

 माझे कान मात्र तिच्या आधीच्या एकाच शब्दावर अडकले होते. खुरपं.

भिमा टिकाव घेऊन पुढं झाला, त्याला भामाबाईनं हाकललं, मुळं तुटतील म्हणून. शेवटी मी तिचं खुरपं घेतलं आणि खोडापासून दोन हातांवर उकरायला लागलो. मग खुरपं ठेवून हातानं. कमरेनं बोंब मारली तेव्हा पोटावर आडवा झालो, माझ्या माजी विद्यार्थ्यासमोर, सदऱ्याची बाही काट्यात, खांद्यापर्यंत हात मातीत. खालची माती काळी आणि मऊ होती. बोटाला आधी मूळ लागलं, करंगळीएवढं जाड, आणि त्याच्या वेढ्यात लोखंड. पातं गंजून पापुद्रे सुटलेत. मूठ राहिली नाही. पण पात्याला ती डावीकडची वाक आहे, आई नेहमी एकाच बाजूनं घासायची ती. मी बोट फिरवून बघितली. दोनदा.

काढलं नाही. मुळानं धरलंय, ओढलं असतं तर मूळ तुटलं असतं. माती लोटली. भामाबाईनं वरनं बादलीभर पाणी घातलं आणि चिकू वेचायला निघून गेली. भिमा म्हणाला, "सर, मंग दुसरं कुठलं?" मी त्याला चहा पाजून परत पाठवला.

अक्का, आता जे लिहायचं आहे ते मी दोन पत्रांत लिहिलं नाही. गेल्या भाऊबीजेला तू बागेवरून उठून गेली नव्हतीस. बागेचं मी माझ्या सोयीनं लिहीत आलो. तू ओवाळलंस, ताट समोर आलं, जावई आणि सुना बसल्या होत्या, आणि मी तुला म्हणालो, "आईचं सगळं दोघांत वाटून झालं, मग खुरपं तेवढं चोरून कशाला नेलंस?" चोरून हा शब्द माझा. तू एवढंच म्हणालीस, "मी नेलं नाही, विजू." मी सगळ्यांसमोर हसलो. तू चपला घातल्यास. मला वाटलं, खरं टोचलं म्हणून गेली.

आणि इतकं होऊन मी तुला पत्र लिहिलं तेव्हा खाली पुन्हा तेच लिहिलं, येताना खुरपं आण म्हणून.

मी चुकलो. माफ कर असं लिहायची मला सवय नाही, कारण तू मोठी आहेस आणि लहानपणापासून माफ करायचं काम तुझंच आहे. तरी लिहितो. माफ कर.

दुसरं असं की गेली चार वर्षं आपण दोघं आईच्याच झाडाचं लोणचं खातोय. तू नेलेल्या सगळ्या पिशव्या तिथल्याच. मिठी आंब्याला मारलीस हे खरं, पण हात भरून नेलंस ते तिच्याकडूनच. परवापासून हे एकच मनात येतंय आणि त्यात मला जरा बरं वाटतंय. तुलाही वाटावं.

राजवर्धनला कळवलं. तो म्हणाला, "पप्पा, मग आता किती झाडं?" सत्तर म्हणालो होतो, एक्काहत्तर झाली. त्यानं वाद घातला नाही. उसाचा विषय त्यानंच बंद केला. राजनंदिनी म्हणाली, लिंबाखाली पाचट अंथरा, भामाबाईला बादली उचलायला नको. वाळलेला आंबा अजून उभा आहे आणि कट्टाही. तू येईपर्यंत दोन्हींना हात लावणार नाही. फरशी काढायची की ठेवायची, ठेवली तर कुठं, हे तू उभी राहून सांग. या वेळी बोट तू दाखव.

भाऊबीज तेवीस तारखेला, गुरुवारी आहे. सकाळी निघालीस आणि बारामतीत गाडी बदललीस की जेवायला पोचशील. लिंबं तयार आहेत. त्यांना झेला लागत नाही, हातालाच येतात, फक्त डोळे सांभाळ. पिशव्या रिकाम्या आण.

आणि खुरपं आणू नकोस. ते तुझ्याकडं कधीच नव्हतं.

चुकीचं बोट दाखवलेला,
तुझा विजू